मोटारीची शेपूट आणि हवेचा हिशेब

उन्हाळ्यात भूम, परंडा किंवा कळंब भागातल्या कच्च्या रस्त्यावरून आलेली एसटी स्थानकात थांबली, की तिच्याकडे एकदा पुढून आणि एकदा मागून पाहावे. पुढची काच बऱ्यापैकी स्वच्छ असते. मागची काच मात्र धुळीने इतकी माखलेली असते, की मुले तिच्यावर बोटाने नावे लिहितात. गाडी तर पुढे धावत होती आणि वारा तिच्या तोंडावर आदळत होता. मग धूळ पाठीवर का बसली?

वर्गात हा प्रश्न विचारला, तर बहुतेक मुले सांगतील की चाकांनी उडवलेली धूळ मागे राहते, म्हणून. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. धूळ मागे राहते हे खरे. पण गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने तिच्यापासून दूर पळत असताना मागे राहिलेली धूळ गाडीला गाठते कशी? तिला कोणीतरी गाडीच्या दिशेने आणत असले पाहिजे. ते काम गाडीच्या पाठीमागे फिरणारे हवेचे भोवरे करतात. आणि हेच भोवरे गाडीचे इंधनही खातात.

हे भोवरे कमी करण्याच्या ध्यासातून इटलीत १९५३ ते १९५५ या तीन वर्षांत तीन अजब मोटारी तयार झाल्या. त्या पुढे बाजारात विकण्यासाठी नव्हत्याच. त्या प्रयोग होत्या. त्यांची गोष्ट समजून घेतली, तर आपल्या रस्त्यावरच्या एसटीचे, जीपचे आणि सायकलचेही बरेच काही समजते.

नाक नव्हे, शेपूट महत्त्वाची

वेगवान वस्तूचे तोंड टोकदार असावे, म्हणजे ती हवा ‘कापत’ जाते, अशी आपली एक समजूत असते. चाकू, बाण, भाला यांच्यावरून ती तयार झालेली असावी. आवाजाहून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानाच्या बाबतीत ती खरी आहे. मोटारीच्या वेगाला मात्र ती लागू पडत नाही. मरळ किंवा रोहू मासा डोळ्यांसमोर आणा. तोंडाकडे तो चांगलाच गोलसर असतो आणि शेपटीकडे हळूहळू निमुळता होत जातो. त्याला पाण्यातून जायचे आहे, आपल्याला हवेतून. पण दोन्हीकडचा नियम सारखाच आहे.

असे का, हे पाहू. गाडी पुढे जाताना समोरची हवा दाबली जाते, म्हणून नाकावर हवेचा दाब वाढतो. मग हवा कडेने आणि टपावरून वेगाने सरकते. तिथे तिचा दाब कमी होतो. गाडीचा रुंद भाग संपला, की हवेला पुन्हा एकत्र यायचे असते. एकत्र येताना तिचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो. म्हणजे शेपटीकडे जाणाऱ्या हवेला कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जायचे असते. हा तिच्यासाठी चढ आहे.

आता गाडीच्या पत्र्याला अगदी चिकटून वाहणारा हवेचा थर विचारात घ्या. पत्र्याशी घर्षण होऊन तो आधीच मंदावलेला असतो. सायकलवरून तुळजापूरचा घाट चढताना जोर आधीच संपला असेल, तर जी गत होते तीच या थराची होते. चढ सौम्य असेल, तर वरची वेगवान हवा त्याला आपल्याबरोबर ओढून नेते. चढ एकदम उभा असेल, तर तो थांबतो, उलटा फिरतो आणि पत्रा सोडून देतो. हवेने पत्रा सोडला, की त्यामागे भोवऱ्यांनी भरलेली कमी दाबाची जागा तयार होते. गाडीच्या नाकावर जास्त दाब आणि पाठीवर कमी दाब, या दोहोंतला फरक म्हणजेच हवेच्या रोधाचा मोठा भाग. एसटीची पाठ तर भिंतीसारखी सपाट कापलेली असते. तिथे हवेला वळायला वावच नसतो. म्हणून भोवरे मोठे, रोध मोठा आणि काचेवर धूळही भरपूर.

हवेने पत्रा सोडू नये असे वाटत असेल, तर शेपटीकडचा उतार साधारण १० ते १५ अंशांहून जास्त ठेवता येत नाही. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढच्या साऱ्या गोष्टीतली अडचण त्याच्यातच आहे.

आकाराचा हा परिणाम एका आकड्यात सांगतात. त्याला रोधगुणांक म्हणतात. वाऱ्यासमोर आडवी धरलेली सपाट फळी घेतली, तर तो १.१ ते १.२ भरतो. चेंडूसाठी तो सुमारे ०.४७, बससाठी ०.६ ते ०.७ आणि पुढे गोल व मागे लांब निमुळत्या आकारासाठी अवघा ०.०४ ते ०.०५. म्हणजे समोरून दिसणारे क्षेत्रफळ तेवढेच ठेवून केवळ आकार बदलला, तरी रोध पंचवीस पट कमी होऊ शकतो. या शेवटच्या आकाराला आपण थेंबाचा आकार म्हणतो. प्रत्यक्षात पावसाचा पडता थेंब असा नसतो. लहान थेंब गोल असतो आणि मोठा थेंब खालून चपटा होतो. चित्रांमधला शेपटीचा थेंब हा केवळ चित्रकारांचा संकेत आहे, हेही मुलांना सांगून टाकावे.

वेगाचा वर्ग आणि वेगाचा घन

हवेचा रोध काढण्याचे सूत्र सोपे आहे. हवेची घनता, वेगाचा वर्ग, रोधगुणांक आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ यांचा गुणाकार करून त्याची निमपट घ्यायची. या रोधाला पुन्हा वेगाने गुणले, की लागणारी शक्ती मिळते. म्हणजे रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि शक्ती घनाप्रमाणे. वेग दुप्पट केला, तर रोध चौपट आणि शक्ती आठपट.

१९५० सालच्या आसपासची एक साधी मोटार घेऊ. तिचा रोधगुणांक ०.४५ आणि समोरचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरू. सपाट प्रदेशातल्या हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रतिघनमीटर धरू. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाला रोध २१६ न्यूटन येतो आणि शक्ती ४.३ किलोवॅट, म्हणजे जेमतेम सहा अश्वशक्ती. आता हीच गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने पळवायची आहे. वेग झाला सेकंदाला ५५.६ मीटर. नुसती हवा बाजूला सारायला लागणारी शक्ती येते सुमारे ९३ किलोवॅट, म्हणजे १२४ अश्वशक्ती. टायरांचा रोध आणि दंतचक्रांमधली घट अजून धरलेलीच नाही.

यावर दोनच उपाय होते: इंजिन मोठे करा, नाहीतर रोधगुणांक कमी करा. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या इटलीत पेट्रोल महाग होते आणि मोठ्या इंजिनाला करही जास्त बसे. त्यामुळे दुसऱ्या उपायाकडे तिथल्या लोकांचे लक्ष गेले, यात नवल नाही.

योलच्या छावणीतून तुरिनला

हा प्रयोग ज्याच्या हातून झाला, त्या फ्रांको स्काल्योने याचा जन्म १९१६ सालचा. त्याने विमानविद्येचे शिक्षण घेतले होते. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात गेला आणि डिसेंबर १९४१ मध्ये लिबियात ब्रिटिश फौजांच्या हाती लागला. युद्धकैदी म्हणून त्याची रवानगी भारतात झाली. आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात, धरमशालेजवळ योल नावाचे गाव आहे. तिथल्या छावणीत त्याची काही वर्षे गेली आणि १९४६ च्या अखेरीस तो मायदेशी परतला. विमाने बांधण्याची संधी मिळण्यासारखी परिस्थिती तेव्हा इटलीत राहिली नव्हती. काही काळ त्याने कपड्यांच्या नव्या धाटणीची चित्रे काढून पोट भरले. पुढे तुरिनच्या बेर्तोने या कारखान्याशी त्याचा संबंध आला.

बेर्तोनेचा कारखाना १९१२ साली सुरू झालेला. दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या सांगाड्यावर आणि इंजिनावर मोटारीचे अंग चढवणे, हे त्याचे काम. आपल्याकडे तांबट जसा हंड्याला ठोके देऊन आकार आणतो, तसे तिथले कारागीर लाकडी साच्यावर पत्रा ठोकून मोटारीची वळणे काढत. विमानविद्या शिकलेला माणूस आणि हवी ती वळणे पत्र्यात उतरवणारे हात असे एकत्र आले. कारखान्याचा मालक नुच्चो बेर्तोने याने त्यांना मोकळीक दिली, आणि अल्फा रोमिओ कंपनीने आपल्या ‘१९००’ या मोटारीचे सांगाडे पुरवले. या मोटारीचे इंजिन १८८४ घनसेंटिमीटरचे होते आणि शक्ती नव्वद ते शंभर अश्वशक्तीच्या घरातली. इंजिनाला हात न लावता केवळ आकार बदलून किती मजल मारता येते, हे पाहायचे होते.

तीन वटवाघळे

या मोटारींना ‘बेर्लिनेत्ता एरोदिनामिका तेक्निका’ असे नाव दिले गेले. त्याच्या आद्याक्षरांनी ‘बॅट’ हा शब्द होतो. इंग्रजीत त्याचा अर्थ वटवाघूळ. मागून पाहिल्यावर त्या दिसतातही तशाच.

पहिली ‘बॅट ५’ १९५३ साली तुरिनच्या मोटार प्रदर्शनात मांडली गेली. तिच्यात विमानविद्येतले धडे जागोजाग दिसतात. समोरची काच कडेला वळून अंगात मिसळते. टप जवळजवळ सपाट आहे. मागची चाके पत्र्याने झाकली आहेत, कारण फिरते चाक हवेत चांगलाच गोंधळ माजवते. अंग मागे निमुळते होत जाते आणि दोन्ही बाजूंनी दोन मोठे पत्र्याचे पंख आत वळतात. तिचे वजन सुमारे ११०० किलोग्रॅम होते. त्या काळी जाहीर झालेला तिचा रोधगुणांक ०.२३ आणि वेग ताशी २०० किलोमीटर.

हा दावा पटण्यासारखा आहे का, हे आपणच तपासू शकतो. आधीच्या हिशेबात ०.४५ च्या जागी ०.२३ घाला. ताशी २०० किलोमीटरला हवेसाठी लागणारी शक्ती १२४ वरून ६३ अश्वशक्तीवर येते. टायरांच्या रोधासाठी तेरा-चौदा अश्वशक्ती धरा. दंतचक्रांमध्ये दहावा हिस्सा वाया जातो असे धरा. बेरीज पंचाऐंशीच्या आसपास येते. इंजिन नव्वदच्या वरचे होते. म्हणजे हिशेब जुळतो. साध्या आकाराच्या मोटारीला हाच वेग त्याच इंजिनावर कधीच गाठता आला नसता.

१९५४ ची ‘बॅट ७’ याहून धाडसी होती. तिचे पंख आणखी मोठे झाले आणि आत इतके वळले, की पानाची गुंडाळी सुटत असावी तसे दिसतात. नाक आणखी खाली आले. जाहीर झालेला रोधगुणांक होता ०.१९. १९५५ ची ‘बॅट ९’ मात्र जमिनीवर आली. पंख लहान झाले, चाके उघडी पडली. नेहमीच्या रस्त्यावर चालवता येईल अशी ती गाडी होती. तिन्ही मोटारी आजही शाबूत आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये सोदबीजच्या लिलावात त्या एकत्रित सुमारे १ कोटी ४८ लाख डॉलरला विकल्या गेल्या, आणि तो लिलाव मोटारींचा नव्हे, समकालीन कलेचा होता.

पंख कामाचे आणि पंख शोभेचे

बॅटच्या पंखांची दोन कामे होती. पहिले काम बाणाच्या पिसांचे. मागे निमुळत्या होत जाणाऱ्या गाडीवर बाजूने वारा आला, तर तिचे नाक वळू पाहते. मागे उभे पृष्ठ असेल, तर वारा त्याच्यावरही दाब देतो आणि गाडी पुन्हा सरळ होते. दुसरे काम हवेला वळण लावण्याचे. गाडीच्या कडेची हवा वर चढून टपावरून येणाऱ्या हवेत घुसली, तर तिथे भोवरे होतात. आत वळलेले पंख या दोन प्रवाहांना एकमेकांपासून जपून शेवटपर्यंत नेतात.

आता महाराष्ट्रातल्या एका ओळखीच्या मोटारीकडे वळू. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे तुरिनच्याच फियाट कंपनीच्या परवान्याने ‘फियाट ११००’ बाहेर पडू लागली. तिचा १९५० च्या दशकातला गोलमटोल अवतार ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखला जाई. १९६० च्या दशकात आलेल्या अवताराचेच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामकरण झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती कित्येकांनी पाहिली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा त्या सेवेतला काळ संपला. पद्मिनीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर पत्र्याची लहानशी धार वर आलेली असते. तेही पंखच. पण ते १९५० च्या दशकातल्या फॅशनचे अवशेष आहेत. एक तर ते फार लहान, त्यातून गाडीची पाठ आखूड आणि वेग शहरातला. त्या वेगाला त्यांचा हवेशी काहीच व्यवहार होत नव्हता.

दोन्ही मोटारी तुरिनच्या परंपरेतल्या, दोन्हींना पंख. पण एकीचे पंख हिशेबातून आले आणि दुसरीचे अनुकरणातून. एखादा आकार ‘वैज्ञानिक’ दिसतो म्हणून तो वैज्ञानिक ठरत नाही. तो कोणत्या वेगाला, कोणते काम, किती प्रमाणात करतो, हे विचारावे लागते. विज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर पाठांतराने मिळणार नाही असे काही तरी हाती लागते.

मग सगळ्या गाड्या अशा का झाल्या नाहीत?

कारण १० ते १५ अंशांच्या त्या उताराची किंमत फार आहे. दीड मीटर रुंदीची मोटार इतक्या सौम्य उताराने टोकापर्यंत न्यायची, तर नुसती शेपूटच तीन ते चार मीटर लांब होईल. ती उभी कुठे करणार आणि अरुंद गल्लीत वळवणार कशी? पंखांमुळे मागचे दिसत नाही. झाकलेल्या चाकांत पावसाळ्यातला काळा चिखल अडकून बसेल. शिवाय टपाची गुळगुळीत वळणे विमानाच्या पंखासारखी वागून वेगात गाडीला वर उचलू पाहतात.

यातला मधला मार्ग जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम्म याने युद्धापूर्वीच, १९३० च्या दशकात सुचवला होता. शेपूट निमुळती करायला सुरुवात करा आणि गाडीची रुंदी-उंची पुरेशी कमी झाली की ती सरळ कापून टाका. भोवऱ्यांची जागा लहान उरते. बराचसा फायदा मिळतो आणि लांबी वाचते. पुढे १९७३ साली खनिज तेलाचे संकट आले, तेव्हा मोटार कंपन्यांना हे धडे पुन्हा गिरवावे लागले. आता विजेवर चालणाऱ्या मोटारींत बॅटरीतला प्रत्येक युनिट मोलाचा असल्याने हवेच्या हिशेबाला आणखी महत्त्व आले आहे. २०२१ साली बाजारात आलेल्या मर्सिडीज कंपनीच्या ‘ईक्यूएस’ या विजेच्या मोटारीचा रोधगुणांक ०.२० आहे. ‘बॅट ७’ साठी जाहीर झालेल्या आकड्याच्या जवळ यायला रोजच्या वापराच्या मोटारीला जवळपास सात दशके लागली.

आपल्या रस्त्यावर याचा उपयोग काय? धाराशिव ते सोलापूर रस्त्यावर एखादी बस ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने चालवली, तर वेग एक तृतीयांशाने वाढतो. हवेचा रोध मात्र १.७८ पट होतो आणि हवेसाठी लागणारी शक्ती २.३७ पट. साठ किलोमीटरच्या प्रवासात वाचतात पंधरा मिनिटे. बसचा रोधगुणांक ०.६५, क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर आणि भरलेल्या बसचे वजन १४ टन धरले, तर ६० च्या वेगाला टायरांचा रोध हवेपेक्षा जास्त असतो. ८० ला हवेचा रोध त्याच्यावर मात करतो. याचा अर्थ असा, की गावोगाव थांबत हळू जाणाऱ्या गाडीचा आकार बदलून फारसे काही साधत नाही. तिथे टायरमधली हवा नीट ठेवणे अधिक उपयोगाचे. महामार्गावर लांब पल्ला धावणाऱ्या गाडीला मात्र गोलसर कोपरे, टपावर कमी सामान आणि बेताचा वेग या तिन्हींतून खरी बचत होते. टपावर गाठोडी रचलेली जीप वेगाने हाकणारा माणूस आपल्या पैशाने भोवरे विकत घेत असतो.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. मेणबत्ती आणि पुठ्ठा. दहा सेंटिमीटर रुंदीचा पुठ्ठा उभा करून त्याच्यामागे पाच-सहा सेंटिमीटरवर पेटती मेणबत्ती ठेवा. समोरून पुठ्ठ्यावर फुंकर मारा. ज्योत तुमच्यापासून दूर न जाता पुठ्ठ्याकडे, म्हणजे तुमच्याच दिशेने झुकेल. एसटीच्या काचेवर धूळ आणणारी उलटी हवा ती हीच. आता पुठ्ठ्याच्या जागी गोल बाटली ठेवा. हवा बाटलीला वळसा घालून ज्योतीपर्यंत पोचेल. शेवटी जाड कागदाची पट्टी वाकवून, दोन्ही टोके चिकटवून थेंबाचा आकार करा. गोल बाजू आपल्याकडे ठेवून फुंका, मग टोकदार बाजू आपल्याकडे करून फुंका. दोन्ही वेळी ज्योतीत काय फरक पडतो, ते मुलांना लिहून ठेवायला सांगा.

२. धाग्यांची साक्ष. खोक्यावर आणि खेळण्यातल्या मोटारीवर लोकरीचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे एका टोकाने चिकटवा आणि टेबलपंख्यासमोर धरा. धागा पत्र्याला चिकटून सरळ राहिला, तर हवा तिथे नीट वाहते. धागा थरथरला किंवा उलटा फिरला, तर हवेने तिथे पृष्ठभाग सोडला आहे. वातविवर नसेल तेव्हा अभियंतेही मोटारीवर असेच धागे चिकटवून रस्त्यावर त्यांची छायाचित्रे घेत.

३. आपल्या हवेचा हिशेब. धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. इथल्या उन्हाळ्यातल्या हवेची घनता १.२ ऐवजी १.१ किलोग्रॅम प्रतिघनमीटर धरून वरची सर्व गणिते पुन्हा करा. त्याच इंजिनावर ‘बॅट ५’ इथे इटलीतल्यापेक्षा किती वेगाने धावली असती? विरळ आणि गरम हवेत इंजिनाची शक्तीही काहीशी घटते, हे धरले तर उत्तर कोणत्या बाजूला सरकेल? दहावीच्या मुलांना पहिला प्रश्न सुटेल. दुसऱ्यावर वर्गात वाद होऊ द्यावा.